टाक्याचा माग

औशाचा किल्ला लांबून दिसत नाही. सह्याद्रीतल्या किल्ल्यांना सरावलेली नजर वर डोंगर शोधते आणि चुकते. हा भुईकोट सखल जागी बसवलेला आहे. चारी बाजूंनी जमीन चढत गेलेली, मधे खंदक, तट आणि बुरूज. चालून येणाऱ्याला तो जवळ पोचेपर्यंत उमगत नाही. आतल्या पहारेकऱ्याला मात्र उंच बुरुजावरून दूरच्या फौजेची धूळ दिसते.

तुम्ही आज त्या बाहेरच्या चढावर उभे आहात. पिशवीत मांजरपाटाचा तुकडा, सुया, दोऱ्यांच्या लडी आणि एक वही. बंजारा बायांच्या भरतकामावरून काही शिकावं आणि त्यातून या मुलखाचं आपलं असं एखादं कापड शांतपणे करावं, हे बरेच दिवस तुमच्या मनात आहे. त्यांच्या फेटियाचे म्हणजे घागऱ्याचे, काचळीचे म्हणजे चोळीचे फोटो फोनमध्ये साठवलेत. लाल, निळा, पिवळा, आरसे, कवड्या. तो फोन आता बंद करून खिशात ठेवा. फोटोत कापड आहे, पण ते ज्या रस्त्याने इथवर चालत आलं तो रस्ता नाही. दुसऱ्याच्या कापडातून काही घ्यायचं असेल तर आधी त्या रस्त्याने थोडं चालावं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून चला.

समोर पाहत राहा, काळ मागे सरकेल. आधी सोयाबीन जातं. मग द्राक्षबागांचे मांडव, विजेचे खांब, तुळजापूरकडे जाणाऱ्या हायवेवरचे ट्रक. ट्रकचा आवाज गेल्यावर कानांना जरा वेळ लागतो. उरते ती काळी माती, ज्वारी, तूर, गावरान कापूस, बांधावरच्या बाभळी आणि माळावरचे पळस. आणि माणसांचा एक प्रचंड गलका.

साल १६३६. पावसाळा सरत आलाय. खाली किल्ल्याला शाहजहानच्या फौजेचा वेढा आहे, सरदार खान-ए-दौरान. तिकडे उदगीरचा किल्ला याच मोहिमेत पडलाय. औशात निजामशाहीच्या बाजूने भोजबल नावाचा किल्लेदार तग धरून आहे, पण ज्या निजामशाहीसाठी तो लढतोय तिचेच अखेरचे दिवस चालू आहेत. १६३० ते ३२ च्या भीषण दुष्काळाला जेमतेम चार वर्षं झालीत. दख्खनची गावंच्या गावं त्यात ओस पडली. अशा मुलखात हजारो माणसांची, घोड्यांची, हत्तींची छावणी काय खाऊन उभी आहे, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा.

उत्तर आधी ऐकू येतं. घुंगरांचा, घंटांचा एक लांबलचक आवाज. मग धूळ. मग चढावरून बैल उतरू लागतात. एकामागोमाग, पाठीवर दोन्ही बाजूंनी लादलेल्या गोण्या. गाडी एकही नाही. चिखल, नाला, खडक, जिथे चाक अडतं तिथून बैल जातो, म्हणून सगळा माल पाठीवर. बरोबर कुत्री, लेकरं, म्हाताऱ्या, बाळंतिणी. अख्खं गाव चाललंय, फक्त त्याला जागा नाही. हा बंजाऱ्यांचा तांडा.

किती बैल असतील म्हणून मोजू पाहाल तर मोजणी सुटेल. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याला जाताना अशाच एका तांड्याला भेटला. त्याने धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांची नोंद केली आहे. बैल त्यांचे स्वतःचे, बायकापोरं बरोबर, आणि दिवसाची मजल फार तर सहा-सात मैल, तीही उन्हं टाळून, हेही त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे जेमतेम तीन कोस. बैलाला चरायला वेळ मिळाला पाहिजे, खूर शाबूत राहिले पाहिजेत. बादशहाची छावणी उपाशी असली तरी तांडा त्याहून जोरात जात नाही.

तुम्ही त्यांच्याबरोबर चालायला लागता. पहिला अर्धा कोस तुम्ही सारखे पुढे जाता आणि थांबता. मग पाय आपोआप बैलांच्या चालीवर येतात आणि डोळे रिकामे होतात. आता जमीन दिसू लागते. काळ्या रानाची भेग कुठे संपते, मुरूम कुठे सुरू होतो, ओढ्याकाठी कोणतं गवत आहे. मोटारीतून औसा ते लातूर वीसेक किलोमीटर. त्या वेगात यातलं काही दिसत नाही.

संध्याकाळी तांडा उतरतो. गोण्या एकावर एक रचून भिंत केली जाते. तीच आडोसा, तीच तटबंदी. या गोण्या त्यांनीच तागासारख्या जाड धाग्याच्या विणलेल्या, महिनोन्‌महिने बैलाच्या पाठीवर घासूनही न फाटणाऱ्या. चुली पेटतात. आणि त्या गोण्यांच्या भिंतीला टेकून एक बाई मांडीवर कापड घेते.

तिथे बसा. परवानगी मागा, भाषा कळली नाही तरी मागितलेली कळते. ती मान हलवून जागा करते.

तिच्या हातांवर, दंडांवर गोंदण आहे. काही वर्षांनी गोवळकोंड्याच्या वाटेने फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए तांड्यावरच्या बायांबद्दल हेच सांगतो: कमरेच्या वर अंगभर फुलं गोंदवलेली, त्यांत रंग भरलेले, इतके की कातडीच फुलांचं कापड वाटावी. बैल, मीठ, धान्य, डाळी यांचा हिशेब ठेवणाऱ्या त्या व्यापाऱ्याला ही एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवली नाही.

आता तिची सुई पाहा. कापड जाडंभरडं आहे, हातमागाचं, तांबड्या रंगात रंगवलेलं. दख्खनेत हा तांबडा आलीच्या मुळांपासून निघतो. कापडावर रेघ नाही, छाप नाही, कोळशाची खूणही नाही. चौकटही नाही, कापड नुसतं मांडीवर ताणून धरलेलं. ती आधी कडेला हात घालते. सगळ्या बाजूंनी काठ पक्का झाल्याशिवाय मधे सुई जात नाही. अंगठ्याच्या नखाने ती ताण्याचे धागे मोजते; दोन सोडून सुई वर, तीन टाकून खाली, पुन्हा दोन. ओळ पुढे जाते, कोपऱ्यावर एका धाग्याने आखडते आणि वळते. पुढच्या ओळीत तोच टाका अर्ध्यावर सरकतो, आणि तुम्हाला अचानक त्रिकोण दिसायला लागतो. तो तिने काढलेला नाही. तो मोजणीतून उगवलाय.

मधेच ती थांबते. एक ओळ मागे जाते, पाहते, आणि काही न बोलता सात-आठ टाके उसवते. उसवलेला दोरा ओठांतून ओढून सरळ करते आणि पुन्हा ओवते. वैताग नाही, घाई नाही. चुकलेला धागा वाया घालवण्याइतका दोरा तांड्याकडे नाही, एवढंच.

कापडाच्या कडेला कवड्या आहेत. एक हातात घेऊन पाहा. औशापासून समुद्र कितीतरी मजला दूर. या कवड्या त्याहूनही पलीकडच्या, मालदीवच्या बेटांवरच्या. जहाजांतून बंदरांत आणि बंदरांतून बैलांच्या पाठीवर आलेल्या. हे चलनही आहे आणि किनारही. अशाच कवड्या तिने पाण्याच्या चुंबळीमागे मानेवर रुळणाऱ्या पट्ट्यालाही लावल्या आहेत. म्हणजे मारवाडातून निघालेल्या लोकांच्या हातचा टाका, दख्खनचा तांबडा रंग आणि मालदीवची कवडी, हे सगळं वीतभर कापडावर.

तुम्ही वहीत चौकोनांचं चित्र काढू लागता. ती वाकून पाहते आणि तुमचा हात धरून कापडावर ठेवते. बोटांखाली जाडी लागते. आत दोन-तीन पदर आहेत, जुन्या विरलेल्या कापडांचे, आणि वरचा टाका त्या सगळ्यांना धरून आहे. वहीतलं चित्र चुकीचं नव्हतं, पण त्यात हे नव्हतं.

तुमच्या मनात प्रश्न येईल: हा चौकोन म्हणजे काय? शेत? विहीर? मारवाडची आठवण? हा मोह आवरा. बाहेरून आलेला माणूस दुसऱ्याच्या नक्षीला फार चटकन अर्थ चिकटवतो आणि मग तो अर्थच विकत फिरतो. ती पिशवी करतेय. पिशवीत सुपारी राहील, पैसे राहतील, पोरीच्या लग्नात ती पोरीबरोबर जाईल. इतकं तुम्ही पाहिलंत, तितकंच लिहा.

पहाटे तांडा उठतो. काही दिवसांत औसाही पडेल. फौजा निघून जातील, निजामशाही संपेल. बैल मात्र दुसऱ्या कुठल्या छावणीकडे, दुसऱ्या कुठल्या दुष्काळाकडे चालत राहतील.

तरीही तुमचा मूळ प्रश्न शिल्लक आहेच. हे पाहून मी काही करावं का? जे माझं नाही त्यातून घ्यावं का? या प्रश्नावर शहरात हल्ली बरीच चर्चा होते, आणि बहुतेक वेळा ती दोन टोकांना जाऊन अडकते. एक जण म्हणतो कला सगळ्यांची. दुसरा म्हणतो हात लावू नका. मला दोन्ही पटत नाहीत. माझं उत्तर औशाच्या जवळच, आणखी सोळाशे वर्षं मागे आहे.

तेरणा नदीच्या काठी तेर. जुनं नाव तगर. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासाच्या पुस्तकात ते आहे: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, जिथून जाडंभरडं कापड आणि नाना तऱ्हेची मलमल आडरानातून गाड्यांवर भडोचला जाते आणि तिथून जहाजांत. तुम्ही त्या पेठेत उभे आहात. समोर कापडाच्या गाठी बांधल्या जातायत. पण तुम्ही कुंभाराच्या दाराशी जा.

तो पांढऱ्या केओलिन मातीच्या छोट्या मूर्ती करतोय. दोन साचे आहेत, एक पुढच्या अंगाचा, एक मागचा. दोन्ही दाबून जोडायचे. मूर्ती अशी दुहेरी साच्यात घालण्याची ही रीत रोमच्या व्यापाराबरोबर इकडे आली, असं पुरातत्त्वज्ञ मानतात. मग साच्यातून निघालेली बाई पाहा. केसांची ठेवण इथली. कानातलं इथलं. कमरेची मेखला इथली. त्याने परक्याची रीत घेतली आणि आपल्या डोळ्यांसमोरचं माणूस घडवलं. यातल्या मूर्ती आज तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहेत. जाऊन पाहता येतात. देवघेव एकाच बाजूने नव्हती. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची जवळची बहीण १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या राखेखाली मिळाली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने ते शहर गाडलं, त्याआधी कुणीतरी ती तिथे घरात हौसेने ठेवली होती.

रीत घ्यावी, रूप उचलू नये. तेरच्या कुंभाराकडून घ्यायचं ते हे.

परतीची वाट झपाट्याने कापू. १८०३ मध्ये असईच्या लढाईच्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पत्रांतून बंजाऱ्यांच्या बैलांची चिंता पुन्हा पुन्हा डोकावते. धान्य त्यांच्याकडूनच यायचं. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावते आणि त्यानंतरच्या काही दशकांत रूळ व पक्के रस्ते लदणीचा, म्हणजे बैलांच्या पाठीवरून माल वाहण्याचा, धंदा मोडून टाकतात. ज्यांच्यावाचून फौजा हलत नव्हत्या, त्यांच्यातल्या कित्येकांना इंग्रजांचा १८७१ चा कायदा जन्मतःच गुन्हेगार ठरवतो. तो शिक्का पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागतो. दरम्यान युरोपातल्या प्रयोगशाळांत कृत्रिम तांबडा आणि कृत्रिम नीळ तयार होते आणि आलीची शेती संपते. बालाघाटच्या माळांवर, गावांपासून अंतर ठेवून तांडे स्थिरावतात. वाट्याला आलेली जमीन बहुतेक ठिकाणी हलकी. वसंतराव नाईक याच समाजातून आले आणि १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. तरी दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रॅक्टरांत तांड्यांवरची माणसं आजही दिसतात.

आणखी एका पहाटेजवळ थांबू. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं. किल्लारी याच औसा तालुक्यातलं. काळ्या दगडाच्या रुंद भिंती, वर पांढऱ्या मातीचं जड माळवद. भूकंपात तेच माणसांवर आलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर कित्येक गावं नव्या जागी, नव्या घरांत उभी राहिली. तुम्ही या मुलखाचं चित्र करणार असाल तर हे विसरू नका. दगडी भिंती आणि माळवदं असलेलं रमणीय खेडं रंगवायला हात शिवशिवेल. इथल्या माणसांना त्या माळवदांची दुसरी ओळख आहे.

आता आजच्या तांड्यावर या.

अर्ध्या घरांना कुलपं आहेत, माणसं साखर कारखान्याकडे गेलीत. एका ओसरीवर म्हातारी बसलीय. साडीतच आहे, फेटिया-काचळी पेटीत, तीजेच्या सणाला आणि लग्नाला निघते. तुम्ही सांगता कशासाठी आलात. ती पेटी उघडायला लगेच उठत नाही, आणि तेच बरोबर आहे.

“फोटो काढाया आलाव का?”

“नाही. टाका शिकायला आलोय.”

“मग बसा की. उभ्यानं टाका कळतोय व्हय?”

काचळी नंतर निघते. तिच्या याडीच्या हातची. याडी म्हणजे आई. ती हा शब्द उच्चारते तेव्हा कापड दोन्ही हातांवर घेते. आरशांची चमक विझत आलीय, पण काठ अजून एकाही ठिकाणी उसवलेला नाही. तुमची नजर ओळखीचं काही शोधते आणि ते सापडतं. दोन सोडून वर, तीन टाकून खाली.

“असली जुनी इकत घ्याया येतेत,” ती म्हणते. “नेतेत आन्‌ कापून पिशव्या करतेत.”

हे खरं आहे. मोठ्या शहरांच्या दुकानांत जुन्या बंजारा भरतकामाचे तुकडे जोडून शिवलेल्या पिशव्या, उशांचे अभ्रे, चपलांचे पट्टे लटकलेले तुम्हीही पाहिले असतील. ज्या बाईने काठ आधी पक्का केला, तिचाच काठ कातरीने पहिल्यांदा जातो. माझ्या मते दुसऱ्याच्या कलेचा याहून मोठा अपमान नाही, मग त्यावर कितीही प्रेमाने लेबल लावा.

ती तुमच्या हातात सुई देते. तुमचा पहिला टाका ती पाहते, दुसरा पाहते, तिसऱ्याला हात धरते. “मोज. तोंडानं मोज.” तुम्ही मोजता. मन भटकलं की आकडा चुकतो, आकडा चुकला की ओळ वाकते, ओळ वाकली की उसवावं लागतं. एकाग्रतेचे वर्ग घेणारे जे तासभर समजावतात ते इथे टाक्यालाच माहीत आहे. दुपार संपते तेव्हा तुमच्याकडे बोटभर लांबीचा, थोडा वाकडा काठ आहे. दिवसाची मजल तीन कोस, तसंच.

निघताना शिकवणीचे पैसे द्या. ती नको म्हणेल. द्या. शाळा-कॉलेजात, कार्यशाळांत तुम्ही शुल्क भरता. ओसरीवरच्या विद्येला फुकट समजायची सवय आपल्याला कुणी लावली, याचा कधीतरी विचार व्हायला हवा.

आणि मग तुमचं स्वतःचं काम. त्यासाठी खरोशाला जा. औसा तालुक्यातलीच ही लेणी, साधारण सहाव्या शतकातली. अजिंठा-वेरूळची गर्दी इथे नाही. नरसिंह आहे, शिवपार्वती आहेत, कार्तिकेय आहे. पण मूर्तींच्या आधी दगड पाहा. हा काळा बसाल्ट नव्हे, जांभा आहे. तांबूस, भोकाभोकांचा, पावसाने झिजणारा. कारागिराला यात वेरूळसारखी धार मिळाली नाही. नाकडोळे बोथट झालेत, आकार मात्र टिकलेत. भिंतीवर तळवा ठेवा आणि काही वेळ काढू नका. मग तिथेच सावलीला बसून मांजरपाट मांडीवर घ्या.

कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून पळसाच्या फुलांच्या रंगात बुडवलेलं असेल तर उत्तम; फुलं फाल्गुनात माळभर सांडलेली असतात, तोडायची गरज नाही. बाभळीच्या सालीचा तपकिरीही चालेल. बाजारातले दोरे घेतलेत तरी बिघडत नाही. तांड्यावरच्या बायांनी कृत्रिम रंग आले तसे घेतले, लोकरीचे आणि रेशमी दोरे आले तसे घेतले; त्यांच्यावर जुनेपणाची सक्ती करायचा आपल्याला हक्क नाही आणि स्वतःवर करायचीही गरज नाही.

काठ आधी. चारही बाजू, मोजून. तो तांड्यावरून शिकलेला टाका. मधल्या जागेत मात्र तुमच्या घरातला टाका येऊ द्या. तुमच्या आजीने जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली असेल. तिचा साधा धावदोरा, कडेपासून आत आत जाणारा, पदर धरून ठेवणारा. त्या धावदोऱ्याने जांभ्याची भोकं करता येतात: जिथे खड्डा तिथे दोरा गाळायचा, कापड उघडं ठेवायचं. काळ्या रानाच्या भेगा करता येतात. सखल जागी दडलेला औशाचा किल्ला करता येतो, म्हणजे चारी बाजूंनी जवळ जवळ येत जाणाऱ्या ओळी आणि मधे एक चौकोन, जो लांबून दिसणार नाही. आरसे, कवड्या लावू नका. त्या तुमच्या गोष्टीतल्या नाहीत. लग्नाच्या पिशवीची, चुंबळीच्या पट्ट्याची नक्षी जशीच्या तशी उतरवू नका. ती कुणाच्या तरी लेकीची आहे.

घाई झाली की ओळखा. ओळी ताणल्या जातात, कापड चुण्या धरतं. तेव्हा सुई खोचून ठेवा आणि पाच मिनिटं समोरचा माळ पाहा.

तुमच्या कापडाला ‘बंजारा’ हे नाव देऊ नका. कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे तिकडच्या बंजारा, भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. किलन, वेले, बख्या, माकी, कौडी असे तिथे चौदा टाके नावानिशी नोंदले गेले, आणि ते नाव लावायचा हक्क तिथल्या कारागिरांचा आहे. मराठवाड्यातल्या तांड्यांसाठी अशी नोंद झाली पाहिजे. लातूर, नांदेड, बीडच्या पेट्यांत अजून जे कापड शिल्लक आहे त्याची मोजदाद, टाक्यांची नावं, शिवणाऱ्या बायांची नावं कुणीतरी बसून लिहून घेतली पाहिजेत. नांदेडला विद्यापीठ आहे, लातूरला त्याचं उपकेंद्र आहे, गावोगाव महाविद्यालयं आहेत. एका पिढीच्या मुली शाळेत गेल्या आणि ऊसतोडीच्या फडांत वाढल्या. दोन्हीकडे सुई धरायला वेळ नव्हता. ज्यांना टाके मोजता येतात त्या आता सत्तरीकडे झुकल्या आहेत.

म्हणून तुमचं कापड पुरं झालं की एवढं करा. मागच्या बाजूला, दोऱ्याने, ज्या बाईने पहिला टाका शिकवला तिची परवानगी घेऊन तिचं आणि तिच्या तांड्याचं नाव घाला. कापड विकलंत तर तिचा वाटा आधी बाजूला काढा. आणि पुढच्या वेळी तांड्यावर जाल तेव्हा बरोबर एक कोरी वही न्या, तुमच्या चित्रांसाठी नव्हे, तिच्या टाक्यांच्या नावांसाठी.